घरातल्या छोट्या ऑफिससाठी बांधीव टेबल आणि कपाटे: मिस्त्रींना बोलावण्यापूर्वीची आखणी

नाशिकमध्ये पाथर्डी फाटा, इंदिरानगर किंवा गंगापूर रोडच्या बाजूला फ्लॅट घेतला की घरातली सर्वांत लहान खोली बहुधा कामासाठी राखली जाते. अशा खोलीत बाजारातले तयार टेबल ठेवले, तर त्याच्या दोन्ही बाजूंना कशाच्याही उपयोगाच्या नसलेल्या फटी उरतात. म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधीव काम करून घेण्याचा विचार सुचतो, आणि तो योग्यही आहे. मात्र बांधीव टेबल चुकले, तर ते सरकवता येत नाही, विकताही येत नाही. त्यामुळे सनमायकाचा रंग निवडण्याआधी, मोबाइलवर साठवलेली चित्रे मिस्त्रींना दाखवण्याआधी, कागद-पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन दोन संध्याकाळी त्या खोलीत घालवणे आवश्यक आहे.

सुरुवात भिंतीपासून नव्हे, तर जे ठेवायचे आहे त्यापासून करावी. आपल्याकडच्या सर्व फाइली, पुस्तके, प्रिंटर, कागदाचे गठ्ठे आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून जपलेल्या वायरी एकदा जमिनीवर मांडून मोजाव्यात. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो, पण तो ज्या पुठ्ठ्याच्या बॉक्स फाइलमध्ये राहतो ती सुमारे ३२० मिलिमीटर उंच आणि २८५ मिलिमीटर रुंद असते. याचा अर्थ दोन फळ्यांमधले मोकळे अंतर किमान साडेतेरा इंच आणि कपाटाची आतली खोली १२ इंच हवी. मागची पाठ आणि पुढचे दार धरून ते कपाट बाहेरून १३ इंचांचे होते. बाहेरून १२ इंच असे सांगून मोकळे झालात, तर फाइल ठेवल्यावर दार लागणार नाही. खरेदीखत, भाडेकरार असे लीगल आकाराचे कागद ज्यांच्याकडे अधिक असतात, त्यांनी ३५६ मिलिमीटरची लांबी लक्षात ठेवावी.

वजनाचा हिशेबही याच वेळी करावा. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा) ए-फोर कागद साधारण ५ ग्रॅम भरतो, म्हणजे ५०० कागदांची फाइल अडीच किलोची झाली. ३६ इंचांच्या फळीवर अशा १०-१२ फाइली सहज मावतात आणि फळीवर २५ ते ३० किलोंचा भार कायमचा येतो. १८ मिलिमीटरच्या प्लायची फळी एवढ्या लांबीला मधल्या आधाराशिवाय हळूहळू झोळ घेते. त्यामुळे फाइलींच्या फळीची लांबी ३० इंचांच्या आत ठेवावी किंवा मध्ये उभी फळी घालून दोन खण करावेत.

आता भिंत. एकही भिंत काटकोनात नसते, हे गृहीत धरूनच मोजमाप घ्यावे. माझ्या खोलीची भिंत स्कर्टिंगजवळ आठ फूट दोन इंच, टेबलाच्या उंचीला आठ फूट दीड इंच आणि छताजवळ आठ फूट एक इंच सहा सूत (म्हणजे आठ फूट पावणेदोन इंच) भरली. बिल्डरच्या नकाशात मात्र सरळ ‘आठ फूट तीन इंच’ लिहिलेले होते, कारण नकाशातले माप गिलाव्याच्या आधीचे असते. तीन उंचींवर मोजून सर्वांत लहान माप धरावे आणि उरलेली फट बाजूच्या फिलर पट्टीने झाकावी. ही पट्टी भिंतीच्या वळणाप्रमाणे रंधून बसवता येते, कपाट रंधता येत नाही. कोपरा पाहण्यासाठी एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण करावी. दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट आले, तरच तो काटकोन. जुन्या नाशकातल्या किंवा पंचवटीतल्या वाड्यांमध्ये हा फरक इंचांत निघतो, पण तिथल्या जाड भिंतींत कोनाडे आणि फडताळे आयती असतात. त्यांना बुजवण्यापेक्षा आत फळ्या टाकून घेतल्या, तर खोलीची एक इंचही जागा खर्ची पडत नाही.

याच मापाचे उदाहरण पुढे नेतो. सर्वांत लहान माप साडेसत्त्याण्णव इंच. त्यात उजवीकडे १८ इंचांचा ड्रॉवरचा खण, मध्ये बसण्यासाठी ४२ इंच मोकळी जागा आणि डावीकडे ३६ इंचांचे बुटके कपाट, असे ९६ इंच झाले. उरलेला दीड इंच दोन्ही बाजूंच्या फिलर पट्ट्यांना. इथे एक मेख आहे, जी आमच्या लक्षात टेबल कापायला घेताना आली. प्लायचा आणि सनमायकाचा ताव ८ बाय ४ फुटांचा, म्हणजे ९६ इंच लांबीचा असतो. भिंतीपासून भिंतीपर्यंतचा एकसंध टेबलटॉप साडेसत्त्याण्णव इंचांचा असेल, तर तो एका तावातून निघतच नाही आणि कुठेतरी सांधा येणारच. तो सांधा कुठे येईल हे आपण आधी ठरवावे: बसण्याच्या जागेवर नव्हे, तर डाव्या कपाटाच्या उभ्या फळीवर, जिथे त्याला खालून आधार असेल. रुंदीचेही तसेच आहे. ४८ इंचांच्या तावातून २४ इंचांच्या दोन पट्ट्या निघतील असे कागदावर वाटते, पण करवतीचे पाते सुमारे ३ मिलिमीटर लाकूड खाते, कडा साफ करण्यात आणखी जाते. टेबल पावणेचोवीस इंच खोल धरले, तर एका तावात दोन पट्ट्या बसतात आणि हट्टाने २४ इंचच धरले, तर दुसरा ताव फोडावा लागतो.

ड्रॉवरची रुंदी ठरवताना बाहेरचे माप फसवे असते. १८ इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर. त्यातून दोन बाजूंच्या १८ मिलिमीटरच्या फळ्या वजा केल्या, की ४२१ उरतात. टेलिस्कोपिक चॅनेलला, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या धातूच्या पट्ट्यांना, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच लागतो, म्हणजे ३९५ राहिले. ड्रॉवरच्या स्वतःच्या बाजू १२ मिलिमीटरच्या धरल्या, तर आत ३७१ मिलिमीटर मिळतात. त्यात लीगल कागद आडवा बसतो, पण जेमतेम. कुणी हाच खण १५ इंचांचा केला, तर तो कागद आडवा बसण्याची सोयच उरत नाही.

उंचीसाठी ठरलेला आकडा विचारण्यापेक्षा ज्या खुर्चीवर आपण बसणार तिच्यावर बसावे, पाय पूर्ण जमिनीला टेकवावेत, कोपर काटकोनात दुमडावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगावे. सर्वसाधारणपणे टेबल २८ ते ३० इंचांचे होते, मात्र सव्वापाच फुटांच्या व्यक्तीला ३० इंचांचे टेबल खांदे दुखेपर्यंत उंच पडते. टेबलाखाली पेनांसाठी छोटा ड्रॉवर करावा असा मोह सर्वांनाच होतो. २९ इंचांच्या टेबलातून दीड इंचाची कड आणि ४ इंचांचा ड्रॉवर वजा केला, तर साडेतेवीस इंच उरतात. तेवढ्यात मांड्या कशाबशा मावतात, खुर्चीचे हात मावत नाहीत. पेने बाजूच्या खणातच बरी. मधल्या ४२ इंचांच्या भागाला मागच्या भिंतीवर लाकडी पट्टी स्क्रूने मारून आधार द्यावा, म्हणजे पुढे पाय अडवणारा खांब लागत नाही.

वरची कपाटे टेबलापासून १८ ते २० इंचांवर सुरू करावीत. ती ज्या भिंतीवर टांगायची, ती कशाची आहे हे ड्रिलच्या भुकटीवरून कळते: लाल भुकटी विटेची, करडी काँक्रीटची आणि पांढुरकी, हलकी भुकटी एएसी ब्लॉकची, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटच्या हलक्या ठोकळ्यांची. नव्या इमारतींमध्ये हे ब्लॉक सर्रास वापरतात आणि त्यांत नेहमीचा प्लास्टिकचा गिट्टा टिकत नाही. त्या ब्लॉकसाठी मिळणारे खास अँकरच वापरावेत. या कपाटांची सावली कामाच्या कागदावर पडते, त्यामुळे त्यांच्या तळाशी एलईडी पट्टीची वायर आधीच काढून ठेवावी. खिडकी बसणाऱ्याच्या बाजूला यावी, पाठीमागे किंवा समोर नको. पश्चिमेची खिडकी असेल, तर दुपारी चारनंतर याची किंमत कळते.

विजेचे काम सुताराच्या आधी पूर्ण व्हायला हवे. संगणक, स्क्रीन, प्रिंटर, राउटर, दिवा आणि मोबाइलचा चार्जर एवढे मोजले तरी सहा प्लग होतात. ते टेबलाच्या वर ६ ते ८ इंचांवर घ्यावेत आणि टेबलाच्या मागच्या कडेला ६० मिलिमीटरचे वायरचे भोक ठेवावे. आमच्या पहिल्या प्रयत्नात इंटरनेटचा पॉइंट ड्रॉवरच्या खणामागे कायमचा गाडला गेला होता आणि तो मोकळा करण्यासाठी नवी कोरी पाठ कापावी लागली. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, ज्या पाठीमागे एकही वायर आहे ती पाठ खिळ्यांनी नव्हे, स्क्रूने बसवावी.

नाशिक शहरात त्र्यंबक किंवा इगतपुरीइतका पाऊस पडत नसला, तरी पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात आणि बाथरूमला लागून असलेली भिंत बारा महिने संशयास्पद असते. अशा भिंतीला कपाटाची पाठ चिकटवू नये. इंचभर हवा खेळू द्यावी. तळाच्या खोक्यासाठी आयएस ७१० मानकाचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय घ्यावा, बाकीच्या भागाला आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (त्याहून कमी पाणीरोधक) पुरतो. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, पण रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जाते अशा घरात त्याच्या खालच्या कडा लवकरच फुगतात. कपाटे चार इंचांच्या पायावर उचलून घ्यावीत आणि प्लायच्या उघड्या कडा, दिसणाऱ्या तसेच न दिसणाऱ्याही, एज बँडने, म्हणजे कडेला चिकटवायच्या पातळ पट्टीने, बंद करून घ्याव्यात. वाळवीचे औषध काम सुरू होण्यापूर्वीच मारावे.

दर ठरवताना चौरस फूट कसा मोजणार, हे लिहून घ्यावे. काही जण समोरून दिसणारा दर्शनी भाग मोजतात, काही आतल्या फळ्यांसह हिशेब करतात आणि चॅनेल, बिजागऱ्या, हँडल त्यात धरलेले असतातच असे नाही.

शेवटी, ताव आणण्याच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रे आणि चिकटपट्टी घेऊन पूर्ण आकृती जमिनीवर आणि भिंतीवर खऱ्या मापाने चिकटवावी. खुर्ची ठेवावी, मागे सरकवावी, खोलीचे दार पूर्ण उघडावे आणि ड्रॉवर जिथपर्यंत बाहेर येणार तिथे कागदाची कड येऊ द्यावी. आमच्याकडे दाराचे हँडल नेमके वरच्या ड्रॉवरच्या उंचीला आले होते. कागद फाटला, म्हणून खण उजवीकडून डावीकडे हलवला आणि नकाशा उलटा करून मिस्त्रींच्या हातात दिला.