निळ्या धुराचं मूळ सुपरचार्जरमध्ये

जुन्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागे निळा धूर. कार्बोरेटर रूट्स सुपरचार्जरच्या (दोन फिरत्या रोटरनी इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप) आधी बसवलेला. थ्रॉटल (हवेची झडप) मिटला की आत व्हॅक्यूम होतो आणि सुपरचार्जरच्या गिअरकेसमधलं तेल शाफ्टच्या सीलमधून ओढलं जाऊन इंजिनात जळतं. खोलल्यावर सीलचं लिप (शाफ्टला टेकणारी कड) कडक झालेलं, शाफ्टवर नखाला अडकेल अशी खाच. नुसतं सील बदलून काय होणार? शाफ्टवर पातळ स्लीव्ह (धातूची नळी) चढवली.

टायमिंग गिअर (दोन्ही रोटर जुळवून फिरवणारे) काढण्याआधी खुणा कराच, नाहीतर रोटर एकमेकांवर आपटतात. एंड प्लेटला (टोकाच्या झाकणाला) जाड गॅस्केट मला पटत नाही. रोटरच्या टोकाची फट वाढते नि बूस्ट (हवेचा जादा दाब) पळतो. अ‍ॅनारोबिक सीलंटचा (धातूंच्या मध्ये हवा न लागता घट्ट होणारा) बारीक थर पुरला. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सगळीकडे फिरवला. तेल खुणेपर्यंतच भरलं. धूर बंद, प्लग कोरडे.