लहान मुलांमधली लोहाची कमतरता: कशी ओळखावी, कशी भरून काढावी

मूल सतत किरकिर करतं, घास पुढे केला की तोंड फिरवतं, थोडं खेळलं की मांडीवर येऊन पडतं. घरातले म्हणतात, दात येत असतील. असतीलही. पण सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांत लोहाची कमतरता अशीच चोरपावलांनी येते. याच वयात मेंदू झपाट्याने वाढत असतो आणि त्याला लोह लागतं, म्हणून 'बघू पुढच्या महिन्यात' असं करू नका.

आधी दूध मोजा. अंदाज नको. दोन दिवस प्रत्येक पेला, प्रत्येक बाटली मापून लिहून ठेवा. गाईच्या दुधात लोह जेमतेम असतं. त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोहही नीट शोषू देत नाही आणि पोट भरल्यामुळे मूल जेवत नाही. 'दूध पितंय ना, मग झालं' ही समजूत मला सगळ्यात घातक वाटते. वर्षाच्या आत हे दूध प्यायला देऊ नये. वर्षानंतर दिवसाला ५०० मिलीलिटरच्या आत ठेवावं. आईचं दूध मात्र खुशाल चालू ठेवा.

मग मुलाकडे नीट बघा. उजेडात बसवून खालची पापणी हलकेच खाली ओढा. आतला भाग लालसर हवा. पांढुरका दिसला तर शंका घ्या. माती, खडू, बर्फ खाण्याची ओढ हीसुद्धा खूण आहे. मात्र सुरुवातीला यातलं काहीच दिसत नाही, म्हणून शंका आली की रक्त तपासा. हिमोग्लोबिन चांगलं असूनही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. तो फेरिटिनच्या, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या, तपासणीत कळतो. सर्दीताप असताना फेरिटिन वाढलेलं दिसतं, म्हणून मुलाला तो असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. दिवसांआधी किंवा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल, तर लोहाबद्दल पहिल्या काही आठवड्यांतच विचारा.

ताट बदला. जन्मतः मिळालेला साठा चार ते सहा महिन्यांत सरतो. अमेरिकी शिफारशीनुसार ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला रोज ११ मिलिग्रॅम लोह लागतं, प्रौढ पुरुषाला ८! एवढ्याशा पोटात ते बसवायचं, तर प्रत्येक घास कामाचा हवा. मांस-मासळीतलं लोह सहज शोषलं जातं. डाळी, कडधान्यं, पालेभाज्यांतलं कमी. त्यांच्यासोबत लिंबू, संत्रं किंवा टोमॅटो द्या, फरक पडतो. चहा अजिबात नको.

औषध डॉक्टरांनी ठरवलेलंच द्या. मात्रा वजनावर ठरते, आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारात लोह कमी नसतानाही हिमोग्लोबिन कमीच येतं. त्यामुळे मनाने सुरू करू नका. थेंब दुधात मिसळू नका. ड्रॉपर गालाच्या आत, मागच्या बाजूला धरून सोडा, म्हणजे दात काळवंडत नाहीत. शी काळी झाली तर घाबरू नका, ती औषधामुळेच. काही आठवड्यांत मूल टवटवीत दिसू लागतं आणि नेमकं तेव्हाच बरेच जण औषध थांबवतात. साठा भरायला साधारण तीन महिने लागतात. डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवा.

औषधाची बाटली कुलपात ठेवा. गोड लागतं म्हणून मुलाने ती तोंडाला लावली, तर जिवावर बेतू शकतं. असं झालं तर उलटी थांबली, मूल खेळू लागलं म्हणून निर्धास्त राहू नका. मधले काही तास बरं वाटून पुन्हा बिघडू शकतं. बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठा.