पहिलं सत्र: कुणाला, काय आणि कधी विचारायचं

पुण्यात पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी बरीच वर्षं शिकवतोय. तास संपताना "काही विचारायचंय?" म्हटलं की सगळ्या माना खाली जातात. पाच मिनिटांनी जिन्यात तीच मुलं एकमेकांना विचारत असतात, "प्रॅक्टिकलचं जर्नल कुठलं घ्यायचं रे?" ज्याला विचारलं त्यालाही माहीत नसतं, पण तो ठोकून देतो. पहिल्या सत्रातले निम्मे घोळ या जिन्यात जन्माला येतात.

हसायचा मला अधिकार नाही. मी गावाकडून आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात "सर, म्या फॉर्म भरलाय" म्हणालो आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. त्यानंतर दोन महिने मी कुणाला काही विचारलं नाही. त्या दोन महिन्यांत शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख गेली. हसणारे कोण होते ते आता आठवत नाही, बुडालेली रक्कम मात्र आठवते.

बारावीपर्यंत विचारावं लागत नाही. घंटा वाजते, सर मागे लागतात, घरी फोन जातो. कॉलेजात सूचना फलकावर लागते किंवा ग्रुपवर पडते, आणि तुम्ही ती वाचली असं धरून चालतात. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर एक माणूस उभा आहे, त्याला काहीतरी विचारायचं आहे. उदाहरणं पुण्याची आहेत. नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूरला खिडक्या वेगळ्या असतील, प्रश्न तेच.

पायरी १. पहिला आठवडा: ऑफिसची खिडकी

एक जाड फाइल घ्या. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, फीची पावती, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन. मूळ कागद कुणाच्या हातात द्यावा लागलाच तर पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

मग खिडकीवर जा, जेवणाची सुट्टी टाळून. "मी नवीन आहे, काय करू?" असं विचारलंत तर "नोटीस वाचा" हे उत्तर मिळेल, आणि त्यात त्या माणसाची चूक नाही. नेमकं विचारा:

"मॅडम, बोनाफाइड पाहिजे, बसच्या पाससाठी एक आणि शिष्यवृत्तीसाठी एक."
"सर, माझा एलिजिबिलिटीचा फॉर्म विद्यापीठाकडे गेला का? पीआरएन कधी मिळेल?"
"महाडीबीटीच्या अर्जाची छाननी कोण बघतं?"

बोनाफाइड म्हणजे तुम्ही याच कॉलेजात शिकता असा दाखला, एलिजिबिलिटी म्हणजे विद्यापीठाची पात्रता-तपासणी, आणि पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा कायमचा नोंदणी क्रमांक. तिसरा प्रश्न सगळ्यात महाग. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरला म्हणजे काम झालं असं मुलांना वाटतं. तो अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथे एखादा कागद अस्पष्ट निघाला की परत तुमच्याकडे येतो आणि तुम्ही लॉगिन करून पाहिलंच नाही तर तिथेच पडून राहतो. दर शनिवारी अर्जाची स्थिती बघा. बँक खात्याला आधार जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेसुद्धा येत नाहीत.

योजनाही विचारून घ्या, कारण तुमच्या घरची परिस्थिती बघून कुणी स्वतःहून सांगत नाही. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृहाच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम. आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी २०२४ पासून पूर्ण माफ आहे. आजही एखादी मुलगी ती फी भरून मोकळी झालेली भेटते.

आणि गणपतीला गावी गेलात तर कामाचा एक दिवस जास्त राहा. दाखले देणारं सेतू केंद्र आणि तहसील सुट्टीच्या दिवशी उघडे नसतात, आणि राहिलेल्या एका दाखल्यासाठी नंतर पुन्हा वारी करावी लागते.

पायरी २. रूम आणि मेस

पेठांमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटचं भाडं देऊन, राहणार असाल तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: डिपॉझिट परत कधी आणि किती कापून, लाइटबिल वेगळं का, पाणी किती वाजता येतं. तिसऱ्याचं उत्तर मालकाकडून नको, वरच्या मजल्यावरच्या मुलाकडून घ्या. डिपॉझिट रोख दिलंत तरी चिठ्ठीवर का होईना, सही घ्या.

मेस लावताना आधी दोन दिवस पैसे देऊन जेवा. मग विचारा, "खाडा किती दिवसांचा धरता?" खाडा म्हणजे तुम्ही जेवायला नसलात त्या दिवसांचा हिशेब. काही ठिकाणी सलग तीन दिवसांच्या पुढेच धरतात, काही ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं. न सांगता गावी गेलात तर पैसे गेले. बऱ्याच मेस रविवारी रात्री बंद असतात, तेव्हा त्या रात्रीच्या वडापावचा खर्च महिन्याच्या हिशेबात धरा. हिशेब म्हणजे फार काही नाही: महिन्याच्या एक तारखेला भाडं आणि मेस बाजूला काढायची, उरलेल्याला चारने भागायचं, आणि आठवड्याला तेवढेच खर्चायचे.

पैसे कमी पडत असतील तर कॉलेजात कमवा व शिका योजना आहे का, हे विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना पहिल्याच महिन्यात विचारा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालते. ग्रंथालय, ऑफिस, बाग अशी कामं असतात आणि तासावर मानधन मिळतं. ते काम करताना वर्गातलं कुणी बघेल म्हणून लाजणारी मुलं मी पाहिली आहेत. त्याच मुलांना ऑफिसातला कुठला कागद कुठे अडतो हे इतरांच्या आधी कळतं.

पायरी ३. विषयांचा कागद

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना २०२४ पासून संलग्न कॉलेजांतही आली, आणि तेव्हापासून "किती विषय आहेत?" या साध्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या महिन्यात कुणालाच देता येत नाही. मेजर म्हणजे मुख्य विषय, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या वर्षाचा सिलॅबस उतरवून घ्या आणि एका कोऱ्या पानावर विषयांचा तक्ता करा: विषय, क्रेडिट, अंतर्गत गुण, सत्रान्त गुण, शिकवणारे सर किंवा मॅडम. रकाना रिकामा राहिला की तोच तुमचा प्रश्न.

क्रेडिट म्हणजे तासांवरून ठरलेलं विषयाचं वजन. सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं एक म्हणजे ३०. म्हणजे दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल दोन क्रेडिटच्या थिअरीच्या दुप्पट वेळ खातं, आणि मुलं नेमकं त्यालाच हलकं समजतात. ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचं घ्यायचं असतं. ते रूममेटने घेतलं म्हणून घेऊ नका. कोण शिकवतं आणि अंतर्गत गुण कशावर देतात, हे विचारून घ्या.

हजेरीचाही हिशेब मांडा. चार क्रेडिटच्या थिअरीचे ६० तास. लागणारी ७५ टक्के हजेरी म्हणजे ४५. हातात राहिले १५. गणपतीचा एक आठवडा, एकदा ताप, मावसभावाचं लग्न, आणि दिवाळीआधी दोन दिवस लवकर निघालात की संपले.

क्रेडिट जमा होतात ते अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसीत. डिजिलॉकरवरून त्याचा आयडी काढता येतो. आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर ते आताच दुरुस्त करा. पुण्यात दुसरीही एक एबीसी आहे, अप्पा बळवंत चौक. पुस्तकं तिथे मिळतील, पण पहिले पंधरा दिवस काही विकत घेऊ नका. आधी ग्रंथालयाचं कार्ड काढा आणि तिथल्या काकांना विचारा, "मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका कुठे आहेत? बुक बँक आहे का?" कुठलं पुस्तक परीक्षेच्या तोंडावर मुलं शोधत येतात, हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक असतं.

पायरी ४. सरांना विचारणं

वर्गात हात वर करायची भीती वाटते ना? मग करू नका. तास संपल्यावर टेबलाशी या किंवा स्टाफरूमच्या दारात उभे राहा. प्रश्न वहीत लिहून आणा. "काहीच कळलं नाही" याच्यावर मला काही करता येत नाही. "दुसऱ्या पायरीनंतर हे चिन्ह का बदललं?" याच्यावर दोन मिनिटांत करता येतं. मेसेज करायचा असेल तर नाव, वर्ग, रोल नंबर आणि मग प्रश्न; रात्री अकराला नुसतं "हाय सर" नको.

बोलीची लाज सोडायला मला दोन वर्षं लागली. तुम्ही तेवढी घेऊ नका. वऱ्हाडीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, मालवणीतल्याचंही मिळतं.

इंग्रजी ही वेगळी अडचण आहे, आणि ती खरी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला संकल्पना कळलेली असते, शब्द अडवतात. वहीच्या शेवटच्या पानांवर विषयाची शब्दसूची करा: इंग्रजी शब्द देवनागरीत, समोर मराठी अर्थ, खाली एक वाक्य. रोज पाच शब्द. दिवाळीपर्यंत तीनशेच्या पुढे जातात, आणि एका सत्राच्या व्याख्यानांना तेवढे बऱ्यापैकी पुरतात. शिवाय पेपर मराठीत लिहिता येतो का, हे प्रत्येक विषयासाठी विचारा. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवलं होतं. तुमच्या विषयाला ती मुभा आहे का ते परीक्षा विभागच सांगेल.

पायरी ५. सिनियर

आपल्याच तालुक्याचा, आपल्याच शाखेचा एक सिनियर शोधा. त्याला जर्नल, सबमिशन आणि कुठल्या सरांची सही कधी मिळते, हे विचारा. अभ्यासक्रम मात्र विचारू नका. त्याचा पॅटर्न जुना असण्याची शक्यता आहे.

ओळख करून घेण्याच्या नावाखाली कुणी अपमान करत असेल, पैसे मागत असेल, नाचायला-गायला लावत असेल, तर ती गंमत नव्हे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तक्रार आल्यावर प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करावी लागते. १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते. मुलींनी लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीतल्या मॅडमचं नाव आणि नंबर पहिल्याच आठवड्यात फलकावरून टिपून ठेवावा, गरज पडण्याआधी.

मैत्रीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहिल्या आठवड्यातले मित्र टिकतीलच असं नाही. एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, नाव घाला. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं, आणि खोऱ्याने माती ओढताना ओळखी आपोआप होतात.

पायरी ६. घरचा फोन

सप्टेंबरात कधीतरी एक संध्याकाळ फार जड जाते. बाहेर ढोल वाजत असतात, खोलीत कुणी नसतं, आणि आई फोनवर विचारते, "जेवलास का?" आपण "हो" म्हणतो. दर शनिवारी गावची एसटी पकडायचा मोह होतो. पहिले पाच-सहा आठवडे शक्यतो टाळा. सोमवारी परत येताना प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात करावी लागते. फोनची वेळ ठरवा आणि घरच्यांना खरं सांगा: मेस बरी नाही, गणित जड जातंय. वडिलांना उपाय माहीत नसेल, पण त्यांना कळलेलं असेल.

पंधरा दिवसांच्या वर झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, वर्गात जावंसंच वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर थांबू नका. कॉलेजचे समुपदेशक असतील तर त्यांना भेटा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पायरी ७. गणपती ते परीक्षा

गणपतीपर्यंत सत्र हळू चालतं, विसर्जनानंतर धावतं. अंतर्गत परीक्षा, असाइनमेंट, तोंडी, जर्नल सर्टिफाय करून घेणं, सगळं तीन आठवड्यांत येऊन पडतं. जर्नलवर प्रॅक्टिकल झालं त्याच आठवड्यात सही घ्या. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलापुढे चाळीस जर्नलं येतात, आणि विसाव्या जर्नलनंतर मी कुणाचं काय वाचतो ते मलाच माहीत. परीक्षेचा फॉर्म आणि विलंब शुल्काशिवायची तारीख पुन्हा खिडकीवर विचारा. एव्हाना ते तुम्हाला ओळखत असतील.

एखादा विषय राहिलाच तर वर्ष गेलं असं नाही. एटीकेटीचे, म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाऊ देण्याचे, नियम परीक्षा विभागात छापील मिळतात, ते वाचा. गुण अनपेक्षितपणे कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची प्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं. त्याची मुदत थोडीच असते, म्हणून निकालाच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा संकेतस्थळ बघा.

आणि दिवाळीला निघताना मेसवाल्या काकूंना आदल्या दिवशी खाडा सांगून जा.