दातांची झीज आणि ठणक : घरी काय करावे

दातावरील कठीण आवरणाचा, म्हणजे एनॅमलचा, सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. त्यात जिवंत पेशी नसल्याने झिजलेला थर पुन्हा उगवत नाही, मात्र मऊ पडलेल्या पृष्ठभागात लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट परत बसू शकतात व फ्लोराइड त्याला मदत करते. म्हणून १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असलेली टूथपेस्ट घ्यावी, मऊ ब्रशने हलक्या हाताने दिवसातून दोनदा दात घासावेत आणि नंतर केवळ थुंकावे; खळखळून चूळ भरल्यास फ्लोराइड वाहून जाते.

तोंडातील आम्लता वाढून पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागते. लिंबू किंवा कोकम सरबत घोटघोट पीत बसू नये. ते जेवणासोबत घ्यावे, नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रश करण्यापूर्वी किमान अर्धा तास थांबावे.

राखुंडी, कोळसा आणि मिठाची भरड यांनी दात घासणे कृपया थांबवावे. मशेरी तर तंबाखूच असल्याने ती तोंडाच्या कर्करोगालाही कारण ठरते.

थंड पाण्याने कळ येत असेल, तर पोटॅशियम नायट्रेटयुक्त टूथपेस्ट रोज वापरावी. परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात. कळ एकाच दातात असेल, बराच वेळ टिकत असेल किंवा रात्री झोपमोड करत असेल, तर दंतवैद्यांकडे जाण्यास विलंब करू नये.