रेकए एकेका डीएनएवर बसताना पाहायचं, तर आधी काच

ई. कोलाय जिवाणूचं रेकए हे प्रथिन एकपदरी डीएनएवर रांगेने बसतं. त्याचा एकरेणू प्रयोग, म्हणजे एकेक रेणू सुटा पाहण्याचा प्रयोग, फसतो, तेव्हा दोष बहुधा प्रथिनाचा नसतो, काचेचा असतो. उघड्या काचेला प्रथिनही चिकटतं आणि डीएनएही. मग खरं बंधन ओळखायचं कशावरून?

स्लाइड आणि कव्हरस्लिप ॲसिटोनमध्ये व नंतर १ मोलर केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) २०-२० मिनिटं सॉनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी हलवून साफ करा. भरपूर पाण्याने धुवा. १०० मिली मिथेनॉल, ५ मिली ॲसेटिक आम्ल आणि १ मिली ॲमिनोसिलेन यांत २० मिनिटं ठेवा. सिलेनच्या बाटलीत ओलावा शिरला की त्यावर जोडायचा पेगचा (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, काचेला काही चिकटू न देणारा पॉलिमर) थर ठिगळांसारखा बसतो. बाटली नायट्रोजनखालीच ठेवा.

पुढची पायरी घाईची. ८ मिग्रॅ पेग-एसव्हीए (रेणुभार ५०००; एसव्हीए हा सिलेनच्या ॲमिनो गटाशी जोडला जाणारा भाग) आणि ०.२ मिग्रॅ बायोटिन-पेग ६४ मायक्रोलिटर ताज्या ०.१ मोलर सोडियम बायकार्बोनेटमध्ये (पीएच ८.५) विरघळवा आणि लगेच काचेवर घाला. पाणी लागताच एसव्हीए निकामी व्हायला लागतं. अंधारात, दमट डबीत रात्रभर राहू द्या.

डीएनए असा मागवा: १८ जोड्यांचा दुपदरी भाग, त्याच्या टोकाला बायोटिन, पुढे ३' बाजूला २० टी (थायमिन) असलेली एकपदरी शेपटी. शेपटीच्या एका टोकाला साय३, दुसऱ्या टोकाला साय५ (दोन्ही चमकणारे रंग). फक्त टी घेतल्याने शेपटी स्वतःशीच जोड्या जमवून दुमडत नाही.

न्यूट्राव्हिडिन (बायोटिनला घट्ट धरणारं प्रथिन) घालण्यापूर्वी हाच डीएनए सोडून पाहा. तरीही चमकणारे ठिपके दाटले, तर ती काच टाकून द्या. इथे दयामाया नको. काच स्वच्छ निघाली तर ०.२ मिग्रॅ/मिली न्यूट्राव्हिडिन ५ मिनिटं, धुणं, मग ५० पिकोमोलर डीएनए.

नंतर १ मायक्रोमोलर रेकए, १ मिलिमोलर एटीपी, १० मिलिमोलर मॅग्नेशियम ॲसिटेट. सोबत रंग लवकर विझू नयेत म्हणून ट्रोलॉक्स, ग्लुकोज, ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटॅलेज. ग्लुकोज ऑक्सिडेजमुळे आम्ल तयार होऊन पीएच उतरतो, म्हणून हे मिश्रण अर्ध्या तासाने बदला.

रेकएचा एक रेणू ३ न्यूक्लिओटाइड व्यापतो आणि फिलामेंटमध्ये डीएनए दुपदरी बी-डीएनएच्या सुमारे दीडपट ताणला जातो. २० टी जवळजवळ १० नॅनोमीटर होतात, फ्रेट (साय३कडून साय५कडे जाणारी ऊर्जा, अंतर वाढलं की घटते) कोसळतं. पण साय५ विझलं तरी फ्रेट असंच पडतं! म्हणून मधूनमधून ६४० नॅनोमीटरचा लेझर थेट मारून साय५ जिवंत आहे का ते तपासा. प्रथिन जवळ आल्याने साय३ही उजळू शकतं. ती उजळण म्हणजे अंतर बदललं असं धरू नका. आणि रंग एकाच पायरीत विझला तरच तो ठिपका एका रेणूचा माना.