मृगाआधी जनावरांचे जंत: माणदेशाच्या कोरड्या रानासाठी सल्ला

"आमच्याकडं पाऊसच नाही, तर जंत कुठून येणार?" माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत या पट्ट्यात हा प्रश्न दर उन्हाळ्यात ऐकू येतो. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस आणि वैशाखात तव्यासारखं तापलेलं रान बघितलं की तो पटतोही. यात अर्धं खरं आहे. उघड्या माळावर, भर उन्हात पडलेली जंतांची अंडी आणि अळ्या फार दिवस टिकत नाहीत. उरलेलं अर्धं मात्र चुकीचं आहे आणि त्यापायीच वासरं दगावतात. जंताला ओल लागते आणि दुष्काळी मुलखात ओल मोजक्याच जागी असते: हौदाभोवती, बोअरच्या सांडपाण्यावर, तलावाच्या आटत्या काठावर. सगळी जनावरं दिवसातून दोनदा तिथंच येतात, तिथंच शेण टाकतात आणि हिरवे म्हणून जे चार घास मिळतात तेही तिथलेच असतात. कोकणात जंत रानभर पसरलेले असतात, आपल्याकडं ते हौदाच्या कडेला गोळा झालेले असतात.

उद्या सकाळी ऊन चढायच्या आत आपल्याच वस्तीवरच्या हौदापाशी पाच मिनिटं उभं राहून बघा. सांडलेल्या पाण्याचा चिखल आणि त्याच्या कडेनं हरळीचा हिरवा पट्टा दिसेल. कालवडी पाणी पिऊन झालं की तिथंच तोंड घालतात. त्या हरळीच्या बुडाशी काडी घालून जुना शेणाचा पो उलटा. वरची साल भाकरीच्या पापुद्र्यासारखी वाळलेली असते, आत ओल असते. जंताच्या अळ्या त्या ओलीत आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात. पहिला वळीव पडला की पो भिजतो, अळ्या बाहेर पडतात आणि पाण्याच्या थेंबाबरोबर गवताच्या पात्यावर चढतात. आठ-दहा दिवसांत कोवळं गवत फुटतं. उन्हाळाभर कडबा आणि वाढे चघळून कंटाळलेली जनावरं त्यावर तुटून पडतात ती नेमकी याच वेळी.

जनावराच्या पोटातही याच काळात हालचाल होते. रक्त पिणाऱ्या गोल जंताच्या अळ्या कोरड्या हंगामात पोटाच्या अस्तरात निजून राहतात आणि पावसाच्या तोंडावर एकदम जाग्या होतात. म्हणून एप्रिलमध्ये बरी दिसणारी कालवड जूनच्या शेवटी अचानक खंगते. केस राठ होतात, पोट सुटतं, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर लालीऐवजी पांढरट दिसते, जबड्याखाली पाणी उतरून मऊ पिशवी लोंबते. गवत हिरवं झालं आणि जनावर मात्र वाळत चाललं, असं दिसलं की समजा, उशीर झालाय.

त्यामुळे या भागात पहिला डोस मृगाच्या पावसानंतर देण्यात अर्थ नाही. तो मे महिन्याच्या मध्यावर, रोहिणी लागण्याच्या आठ-दहा दिवस आधी द्यायचा. याला दुसरंही कारण आहे. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी टोचून घ्यायची असते, आणि पोटात जंत असलेल्या अशक्त जनावरात लसीची ताकद नीट तयार होत नाही. आज जंताचं औषध दिलं तर दोन आठवड्यांनी लस, असा मेळ घाला. औषध निवडताना अस्तरात निजलेल्या अळ्यांवर चालणारं घ्या. फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल, आयव्हरमेक्टिन त्यांच्यावर चालतात. लेव्हामिसोल मोठ्या जंतांवर चांगलं आहे, पण निजलेल्या अळ्यांवर त्याचा भरवसा नाही. गाभण गायीला पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल देऊ नका. ज्या गायीचं दूध घरात किंवा डेअरीला जातं तिला आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन नको. इतर औषधांतही दूध किती दिवस वेगळं काढून टाकायचं ते वेष्टनावर लिहिलेलं असतं, ते वाचा किंवा डॉक्टरांना विचारा.

आता एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो, कारण तिचं महत्त्व कोरड्या भागातच जास्त आहे. गोठ्यातल्या सगळ्या जनावरांना एकाच दिवशी सरसकट औषध देऊ नका. उन्हाळ्यात हौदाकडेचे थोडे सोडले तर रानात जंत नसल्यातच जमा, बाकीचे सगळे जनावराच्या पोटात. अशा वेळी सगळ्यांनाच औषध पाजलं, तर जे थोडे जंत त्या औषधाला पुरून उरतात तेच पुढच्या हंगामाचं बियाणं होतात. पाऊस पडल्यावर रानात त्यांचीच पैदास होते, कारण त्यांच्यात मिसळायला साधे, औषधानं मरणारे जंत शिल्लकच नसतात. मग दोन-चार वर्षांत तेच औषध पाण्यासारखं होतं. म्हणून कालवडी, वासरं, पहिलारू गाय, हडकलेलं किंवा पापणी पांढरी पडलेलं जनावर आणि बाजारातून नुकतंच आणलेलं जनावर यांना औषध नक्की. अंगानं भरलेल्या, चकाकत्या केसांच्या मोठ्या खिलार बैलाला किंवा तीन-चार वेतांच्या निरोगी गायीला, शेणाच्या तपासणीत फारशी अंडी नसतील तर, उगाच नको. दावणीच्या चार जनावरांतलं एक औषधाविना राहिलं म्हणून बिघडत नाही, उलट औषध जास्त वर्षं चालतं.

डोस कमी पडणं हे याहून मोठं दुखणं. वजन डोळ्यानं ठरवलं जातं आणि बहुतेक वेळा कमीच धरलं जातं. आमच्या वस्तीवर एकदा दुकानातून "मोठ्या जनावराला एक गोळी" असं सांगून दिलेल्या अल्बेंडाझोलच्या गोळ्या सगळ्यांनी चारल्या. मीही चारल्या. दोन आठवड्यांनी शेण तपासलं तर माझ्या गायीच्या शेणात अंडी तशीच. गोळीवर दीड हजार मिलिग्रॅम लिहिलं होतं आणि ती पुरते दोनशे किलोच्या जनावराला. तेव्हापासून मी टेप घेतल्याशिवाय औषधाला हात लावत नाही. रीत सोपी आहे. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजायचा. खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बाजूच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की वजन किलोत आलं. घेर ६० आणि लांबी ५० इंच असेल तर साधारण २७२ किलो. अल्बेंडाझोल गोल जंतांसाठी किलोला साडेसात मिलिग्रॅम लागतं, म्हणजे या गायीला दोन हजार मिलिग्रॅमच्या वर. पातळ औषध अडीच टक्क्यांचं असेल तर साधारण ८२ मिलिलिटर, दहा टक्क्यांचं असेल तर साधारण २० मिलिलिटर. बाटल्या दिसायला सारख्याच असतात. टक्के वाचले नाहीत तर एकतर चौथा हिस्सा डोस जातो, नाहीतर चौपट.

पाजताना घाई नको. बांबूचं नळकांडं किंवा बाटली घेऊन मान आभाळाकडं करायची आणि जीभ बाहेर ओढून ओतायचं, ही जुनी सवय जीवघेणी आहे. औषध फुप्फुसात जातं, दुसऱ्या दिवशी जनावर धापा टाकतं, आणि दोष मात्र औषधाला लागतो. नाकपुडी डोळ्याच्या रेषेच्या वर जाऊ देऊ नका, जीभ मोकळी सोडा, तोंडाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडा, खोकला आला की थांबा.

वासरांचा हिशेब मोठ्या जनावरांपेक्षा निराळा आहे. गायीच्या, आणि त्याहून जास्त म्हशीच्या अंगात एका मोठ्या गोल जंताच्या अळ्या मांसात दडून असतात आणि व्याल्यानंतर दुधावाटे वासराच्या, रेडकाच्या पोटात जातात. चाऱ्याचं पातंही तोंडात गेलेलं नसताना जंत होतात ते असे. तीन आठवड्यांच्या आसपास मातकट रंगाची, आंबूस घाण वासाची हगवण लागते, केस पिंजारतात, वासरू भिंत आणि माती चाटायला लागतं. जास्त झाले तर जंतांचा गोळा आतडं बंद करतो. आईला औषध देऊन हे थांबत नाही, मांसातल्या अळ्यांपर्यंत ते नीट पोचत नाही. वासरालाच दहाव्या ते सोळाव्या दिवसात पहिला डोस द्यायचा. यासाठी पायपेराझिन जुनं आणि भरवशाचं आहे. त्या वयात जंत अजून अंडी घालायला लागलेले नसतात, म्हणजे वासरू तर वाचतंच, पण गोठ्याच्या जमिनीत नवी अंडीही पडत नाहीत. पुढं सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला दवाखान्यात दाखवून डोस ठरवा. हगवणीत रक्त आणि चिकट आव दिसली तर मात्र जंताच्या औषधावर थांबू नका. ती बहुधा रक्ती हगवण असते, तिचे जीव वेगळे, औषध वेगळं, आणि ती एक-दोन दिवसांत वासराला आडवं करते. त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

तलावाकडं वळतो, कारण कोरड्या भागातलं सगळ्यात फसवं दुखणं तिथं आहे. राजेवाडीसारखा तलाव उन्हाळ्यात मागं मागं सरकतो, गाळाची जमीन उघडी पडते, काठाला लव्हाळा आणि कोवळं गवत येतं. आसपासच्या गावांची गुरं तिथंच उतरतात. तिथल्या उथळ पाण्यात बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायी असतात. एक उचलून तळहातावर घ्या, टोक वर आणि तोंड आपल्याकडं धरा. तोंड उजव्या हाताला उघडणारा, टोकाला निमुळता शंख असेल तर ती यकृतातल्या चपट्या जंताची गोगलगाय असू शकते. जिलबीसारखी चपटी गुंडाळी असेल तर पोटातल्या चपट्या जंताची. शेणातलं अंडं पाण्यात फुटतं, अळी गोगलगायीत शिरते, तिथं वाढते आणि बाहेर पडून पाण्याच्या रेषेवरच्या गवताला बारीक कण होऊन चिकटते. हे कण उन्हात पूर्ण वाळले तर मरतात, ओलीत महिनोन्‌महिने टिकतात.

म्हणून काठावरचं गवत तिथंच चारू नका. कापून आणायचं असेल तर पाण्यापासून हातभर वरून कापा आणि कडक उन्हात चांगलं खडखडीत वाळवून मगच घाला. जनावरं पाण्यात उतरवण्यापेक्षा पाणी उपसून कोरड्या जागेवरच्या हौदात पाजता आलं तर निम्मं काम होतं. हौदाची सांडही गवतावर न सोडता खड्डा खणून दगडगोट्यांत जिरवा. गोठ्याच्या धुणाचं पाणी हत्तीघासाच्या वाफ्यात सोडायची पद्धत वाढत चाललीय. कृपा करून तेवढं टाळा, ताज्या शेणातले जंत त्याच दावणीत परत येतात. शेण उकिरड्यावर पसरट टाकण्यापेक्षा उंच ढीग करून वर माती किंवा पाचट टाका. आतल्या उष्णतेनं अंडी मरतात. रानात शेणकिडे पो फोडून जमिनीत नेतात, ते आपलं फुकटचं काम करतात. आयव्हरमेक्टिन दिलेल्या जनावराचं शेण त्या किड्यांना आणि त्यांच्या पिलांना मारक ठरतं, म्हणून ते औषध गरजेपुरतंच.

दिवाळीनंतर कोकणाकडं उतरलेली धनगरांची मेंढरं याच सुमाराला माणदेशात परत येतात. खतासाठी रानात मेंढरं बसवायला हरकत नाही, पण चपटे जंत मेंढरांत आणि गुरांत सारखेच वावरतात. पाण्याची जागा तरी वेगळी ठेवा. सांगोल्याच्या बाजारातून आणलेलं जनावर दोन आठवडे दावणीपासून लांब बांधा.

खाण्याकडंही बघा. नुसत्या कडब्यावर आणि उसाच्या वाढ्यांवर असलेल्या गायीला प्रथिनं मिळत नाहीत आणि अशा गायीला थोडे जंतही जड जातात. थोडी पेंड आणि रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण दिलं तर तेच जंत ती पेलून नेते.

पापणी पांढरी दिसली की दरवेळी जंतच असतात असंही नाही. सोबत ताप असेल आणि खांद्यापुढची गाठ सुजली असेल तर गोचीड तापाचा संशय घ्या. महिनोन्‌महिने हगवण चालू आहे, औषधानं थांबत नाही आणि जनावर खातंय तरी वाळतंय, तर जोन्स रोग असू शकतो. या दोन्हींत जंताचं औषध पाजत राहणं म्हणजे दिवस घालवणं आहे. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते.

नमुना घ्यायची पद्धत अशी. प्लॅस्टिकची स्वच्छ पिशवी हातमोज्यासारखी हातात घालून शेण जनावराच्या आतूनच काढा, जमिनीवरचं नको. सुपारीएवढ्या दोन-तीन गोळ्या पुरतात. पिशवी उलटी करून गाठ मारा, वर जनावराची खूण, वय, शेवटचं औषध कधी आणि कोणतं ते लिहा, सावलीत ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी पोचवा. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. औषधानंतर दुसरा नमुना दहा ते चौदा दिवसांनी घ्यायचा, म्हणजे लस टोचायला नेता त्याच दिवशी. अंड्यांची संख्या पहिल्याच्या विसाव्या हिश्श्याच्या खाली आली नसेल आणि डोस वजनाप्रमाणे दिला असेल, तर पुढच्या वेळी वेगळ्या गटाचं औषध मागा.

तलावावर पाणी पिणाऱ्या जनावरांसाठी एक तारीख अजून लिहून ठेवा. एप्रिल-मेमध्ये खाल्लेला चपटा जंत यकृतात वाढून अंडी घालायला तीन महिन्यांच्या वर घेतो, त्यामुळे जूनमध्ये शेण स्वच्छ आलं तरी ते खरं धरू नका. अशा जनावरांचं शेण श्रावणात पुन्हा न्या. मधल्या काळात जनावर खंगायला लागलं तर लहान जंतांवरही चालणारं ट्रायक्लाबेंडाझोल देता येईल का ते डॉक्टरांना विचारा. ऑक्सिक्लोझानाइड फक्त मोठ्या झालेल्या जंतांवर चालतं, त्यामुळे ते श्रावणातल्या तपासणीनंतरच उपयोगी पडेल. आणि नमुना देताना आठवणीनं सांगा की चपट्या जंतांसाठी तळाचा गाळ बघा. ती अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यावर तरंगत नाहीत, आणि नुसतं वरचं पाणी बघितलं तर ती निसटतात.