पोरीला मधलं नाव वेगळं लावायचंय? एका आत्याचं ऐका

आमच्यात नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा, आणि दोन भावांच्या मिळून तीन पोरींची बारशी झाल्यावर आता इथं बेळगावात गल्लीतल्या बायका मलाच विचारूलालेत की अक्का, मधे काहीतरी वेगळं लावायचंय, सांग की. तर एकदाच लिहून टाकते.

आधी हे बघा की मधे आपल्याकडं असतं बापाचं नाव, लग्न झालं की तिथं नवऱ्याचं. म्हणजे पोरीच्या नावातली मधली खोली कायम दुसऱ्यालाच भाड्यानं. तिथं तिचं स्वतःचं काहीतरी ठेवायचं असेल तर असं ठेवा जे लग्नानंतरही कुणी काढणार नाही, आणि ते पहिल्या नावाला चिकटूनच ठेवा. हे का चिकटवायचं ते पुढं सांगते, त्यात आमची फजिती झालेली आहे.

नाव शोधायला मोबाईल घेऊन बसू नका, तिथं सगळ्यांना तीच शंभर नावं मिळतात आणि मग बालवाडीत एका वर्गात चार चार एकसारख्या. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. पणजीची नावं काय सुंदर होती, राही, आवडी, तानू, चिमा, साळू. पहिलं नाव म्हणून आज जड वाटतील, खरं मधे एकदम शोभतात. 'सई आवडी' म्हणून बघा मोठ्यानं. दुसरं म्हणजे पत्रिका. बारशाला नुसतं हाक मारायचं नाव नसतं, देवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं अशीपण नावं असतात, आपण ती भटजींच्या कागदावरच सोडून देतो. रोहिणीची पोर असेल तर अक्षरं ओ, वा, वी, वू, त्यातलं एखादं मधे घ्या, आजी पण खूष.

तिसरं, आपला मुलूख. बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, वेणू म्हणजे बांबू, बासरीपण. आमच्या धाकटीला मी तेच लावलंय. नद्या बघा, हिरण्यकेशी, म्हादई, चंदगडची ताम्रपर्णी. मलप्रभा आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगवते, नदी म्हणून जीव आहे माझा तिच्यावर, खरं मराठीत मल म्हणजे घाण, शाळेतली पोरं सोडणार नाहीत. त्यापेक्षा कणकुंबीच्या देवीचं, माउली, हे नाव घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कन्नड. पोर इथं वाढणार, शेजारी, मास्तर, रिक्षावाला सगळे कन्नड बोलणार, म्हणून नाव ठरवायच्या आधी एका कन्नड मैत्रिणीला म्हणून दाखवा. हेना म्हणजे मेंदी, गोड नाव, खरं कन्नडात हेण म्हणजे मढं. मंगल चांगलं, पण घरात त्याचं मंगा होतं आणि मंग म्हणजे माकड. नायरा फॅशनमध्ये आहे, त्यातलं 'नाय' ऐकलं की इथल्या पोरांना कुत्रं आठवतं. आणि तिन्ही लिपींत लिहून बघा. ज्ञानदा आपण द्न्यानदा म्हणतो, इंग्लिशमध्ये डी लावतो, कन्नड क्लार्क जे लावणार, मग आधारवर एक आणि शाळेत दुसरंच. इळा कन्नडात झकास बसतं, त्यांच्यात पण ळ आहे, इंग्लिशमध्ये मात्र एल आला की इला झालं.

आता ती फजिती. आमच्या धाकटीच्या नावात वेणू सुटं लिहिलं, पहिलं नाव, मग वेणू, मग आडनाव. बालवाडीच्या मॅडमनी मधलं ते बापाचं समजून रजिस्टरला वडील वेणू असं चढवलं, कारण कन्नड लोकांत वेणू, वेणुगोपाल ही पुरुषांची नावं. पेरेंट्स मीटिंगला माझ्या भावाला सगळे वेणूसर म्हणूलालते आणि तो बिचारा मान डोलवूलालता. दुरुस्तीला अर्ज, झेरॉक्स, चार हेलपाटे. म्हणून सांगते, फॉर्मवर पहिल्या नावाच्या रकान्यातच दोन्ही नावं लिहा, आणि मधलं असं घ्या की ऐकल्यावर बाईचंच वाटेल.

आईचं नाव मधे लावायचं असेल तर उत्तमच. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांना शाळेच्या दाखल्यावर, सरकारी कागदांवर आधी आपलं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा नियमच केलाय. आपण कर्नाटकात, आपल्याला तो लागू नाही, खरं हौसेनं लावायला कोण अडवतंय. एवढंच की चारही नावं एका दमात म्हणता येतात का बघा.

कागदाचं थोडक्यात. पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरी, आणि जन्म जिथं झाला तिथंच नोंद होते. माहेर महाराष्ट्रात चंदगड, गडहिंग्लजला असेल तर दाखला मराठीत येणार, बेळगावात झालं तर कन्नडात. नोंद २१ दिवसांत करायची, नाव त्याच वेळी नाही ठरलं तरी चालतं, १२ महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं, नंतर १५ वर्षांपर्यंत लेट फी भरून. तर घाई करू नका, नणंद-भावजयचं भांडण मिटू दे, मग जा. खरं एकदा घातलं की नीट घाला, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखलाच धरतात, आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

ऑफिसात तोंडी सांगू नका. एका कागदावर मराठी, कन्नड, इंग्लिश तिन्हीत मोठ्या अक्षरांत लिहून न्या आणि क्लार्कच्या पुढ्यात ठेवा, सही करायच्या आधी त्याच्या स्क्रीनवर अक्षर अक्षर वाचा. आमच्या थोरल्या वहिनीनं तो कागद बारशादिवशीच पाळण्याच्या गादीखाली सारलेला. मी पोरीच्या कानात दोन्ही नावं सांगून कुर्र केलं, पाठीत धपाटे खाल्ले, आणि घुगऱ्या वाटायच्या आधी तोच कागद उचलून पर्समध्ये टाकला.